आरोग्यमंत्री महोदय, तळपायही बघायला सांगा

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार. आमच्या आबांच्या डाव्या टाचेवर काळा डाग होता. कडा वेड्यावाकड्या, एका अंगाला निळसर. घरात सगळे म्हणायचे, कुरूप आहे. आईने बिब्बा घातला. आबा ब्लेडने वरची कातडी तासायचे आणि तसेच रानात पाणी पाजायला जायचे. दवाखान्यातही दोनदा कुरूपाचीच पट्टी मिळाली. दीड वर्षाने जांघेत अवधाण आलं, ते बसेना, तेव्हा मिरजेला नेलं. तुकडा काढून तपासला. मेलानोमा, म्हणजे कातडीचा कर्करोग. त्यानंतर आबा अकरा महिने होते.

मग मी मिळेल ते वाचलं. बहुतेक ठिकाणी ऊन आणि टॅनिंग मशीन. कातडी तांबूस व्हावी म्हणून परदेशात लोक अतिनील दिव्यांखाली झोपतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००९ साली ही यंत्रं तंबाखूच्या पंगतीत बसवली आणि त्याच वर्षी ब्राझीलने त्यांच्यावर बंदी घातली. योग्यच केलं. पण एवढंच वाचलं की आपल्याकडचा माणूस म्हणतो, हा आपला रोग नव्हे. सावळ्या कातडीला उन्हापासून बरंच संरक्षण असतं, हे खरं. तळपाय, तळहात आणि नखाखालच्या मेलानोमाचा मात्र उन्हाशी फारसा संबंध नसतो, आणि आपल्याकडे तो बऱ्याचदा तिथेच निघतो.

भाजल्याच्या जुन्या व्रणाचंही तसंच. गुऱ्हाळावर काहिलीतल्या रसाने पाय भाजलेली माणसं आमच्याकडे आहेत. अशा व्रणावर वीस-तीस वर्षांनीही कर्करोगाची जखम होऊ शकते. ती भरत नाही, आणि माणूस हळद दाबत बसतो.

साहेब, नवी योजना मागत नाही. कुष्ठरोग शोध मोहिमेत आशाताई घरोघरी येऊन बधिर चट्टे बघतात. तिशीपुढच्या तपासणीत तोंड, स्तन, गर्भाशयमुख बघितलं जातं. माणूस समोर बसलेलाच असतो. ‘चपला काढा, तळवे दाखवा, कुठं भाजलं होतं का?’ एवढं त्याच वेळी विचारायला सांगा. वाढत जाणारा काळा डाग, नखाखालची रुंदावणारी काळी रेघ, महिनाभर न भरलेली जखम दिसली तर त्वचारोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी. आणि काळं कुरूप तपासल्याशिवाय कुणी तासू नये, हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहावं. ऊसतोडीच्या फडांवरही ही तपासणी व्हावी. ती माणसं तर हंगामभर दवाखान्याचं तोंड बघत नाहीत.

परवा बागेत छाटणीला आलेल्या एका मावशींच्या अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ दिसली. म्हणाल्या, कधीतरी दगड लागला असेल. सोमवारी त्यांना मिरजेला घेऊन निघालोय. मोहिमेची पुढची फेरी सुरू व्हायच्या आत आपली सूचना निघावी, ही विनंती.

आपला,
तासगाव तालुक्यातील एक शेतकरी