सूचना : गणित शिक्षकांसाठी जिओजेब्रा प्रशिक्षण

मेळघाटातील आपल्या केंद्राच्या सहावी ते आठवीच्या सर्व गणित शिक्षकांना कळविण्यात येते की, येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यानंतर, दुपारी १ वाजता, केंद्रशाळेत जिओजेब्रा या, भूमितीच्या आकृत्या पडद्यावर काढून त्या हलवून पाहण्याच्या सॉफ्टवेअरचे प्रशिक्षण होईल. त्रिकोणाचा शिरोबिंदू कोठेही सरकवला तरी कोनांची बेरीज १८० अंशच राहते, हे विद्यार्थ्यांना स्वतः पडताळता यावे, असे पाठ आपण तयार करणार आहोत. नुसती चित्रफीत दाखविणे म्हणजे तंत्रज्ञानाचा वापर नव्हे.

१. केंद्रशाळेत नेटवर्क भरवशाचे नसल्याने ॲप आधीच उतरवून आणावे. नंतर ते इंटरनेटविना चालते.
२. मोबाइल पूर्ण चार्ज असावा.
३. कंपासपेटी आणावी, कारण प्रत्येक रचना आधी कागदावर करायची आहे.

अनुपस्थित राहणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत केंद्रप्रमुखांना लेखी कळवावे.