मुलींचा सिनेमा मुलींपर्यंत पोचवायचा तर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2025 च्या जुलैमध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. पाचवी ते दहावीच्या मुलींना सभागृहात बोलावलं गेलं, डागांचे फोटो प्रोजेक्टरवर दाखवले गेले आणि पाळी कोणाची चालू आहे हे शोधायला मुलींचे कपडे काढून तपासणी झाली. पुढे गुन्हा नोंदला गेला, मुख्याध्यापिकेला अटक झाली, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. आमचं म्हणणं त्यातल्या एका बारीक तपशिलाबद्दल आहे. तिथे प्रोजेक्टर होता, सहा इयत्तांच्या मुली मावतील एवढं सभागृहही होतं. मुलींवरचे चित्रपट शाळेत दाखवा असं सुचवलं की पहिलं उत्तर 'साधनं नाहीत' हेच मिळतं, म्हणून हे पत्र.

वयात येणारी मुलगी आणि तिच्याभोवतीची कुजबुज या विषयावर गेल्या काही वर्षांत आपल्याकडे फार चांगलं काम झालं आहे. रीमा दास यांचा आसामी 'व्हिलेज रॉकस्टार्स' (2017) राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरला, पुढच्याच वर्षी त्यांचा 'बुलबुल कॅन सिंग' आला. 2024 मध्ये शुची तलाटी यांच्या 'गर्ल्स विल बी गर्ल्स'ला सनडान्स महोत्सवात प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. पुरस्काराच्या दिवशी बातमी येते, महोत्सवात मोठी माणसं टाळ्या वाजवतात. ज्यांची गोष्ट आहे त्या आठवी-नववीतल्या मुलींच्या कानावर चित्रपटाचं नावही जात नाही.

मराठीत तर मुळातच वानवा. 'शाळा', 'फँड्री', 'किल्ला', 'विहीर' हे सगळे जीव ओतून केलेले चित्रपट, पण गोष्ट मुलाची. मुलगी असलीच तर त्याला दिसते तेवढीच आपल्याला दिसते. 'बालक-पालक'ची (2013) सुरुवातच एका मुलीच्या बदनामीनं होते. ज्योतीताईनं 'शेण खाल्लं' म्हणून तिला घरच्यांसकट चाळ सोडावी लागते आणि पोरं त्याचा अर्थ शोधायला निघतात. कॅमेराही पोरांबरोबर निघतो. ज्योतीताईबरोबर गेलेला मराठी चित्रपट अजून कोणीतरी करायचा आहे.

तोवर आहे त्यातून निवडायचं. पहिल्या खेपेला 'पीरियड. एंड ऑफ सेंटेन्स.' घ्यावा. हा माहितीपट हिंदीत आहे, उत्तर प्रदेशातल्या हापुड जिल्ह्यातल्या काठीखेडा गावात चित्रित झालेला, 2019 मध्ये ऑस्कर मिळालेला. खरा फायदा वेगळाच: लांबी 26 मिनिटं, म्हणजे शाळेच्या एका तासात चित्रपटही बसतो आणि दहा मिनिटं बोलायलाही उरतात. नेटफ्लिक्सनं 2020 च्या एप्रिलमध्ये तो शिक्षणासाठी यूट्यूबवर मोफत खुला केला. सुरुवातीलाच पाळीबद्दल विचारल्यावर मुली तोंड लपवतात आणि मुलगे 'हा काहीतरी आजार असतो' असं सांगतात. वर्गात हमखास हसू फुटतं ते इथेच. शिक्षकांनी डोळे वटारू नयेत; ते हसू ओसरल्यावरच बोलणं सुरू होतं.

त्यानंतर सातवी-आठवीसाठी 'व्हिलेज रॉकस्टार्स' (87 मिनिटं). त्यातल्या धुनू या मुलीला न्हाण येतं, आणि कालपर्यंत झाडावर चढणाऱ्या पोरीला आता आवर म्हणून गावातल्या बाया तिच्या आईला सुनावतात. आई त्यांना पुरून उरते. हैफा अल-मन्सूर यांचा सौदी अरेबियातला 'वज्दा' (2012, 98 मिनिटं) आपल्याकडच्या ग्रामीण शाळांत विशेष लागू पडावा. सायकल चालवली तर मूल होणार नाही, असं त्यातल्या वज्दा या मुलीला घरात सांगितलं जातं. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून 125 तालुक्यांत शाळेत जाणाऱ्या मुलींना सरकारच सायकली देतं. त्या सायकलीवरच्या मुलीला रस्त्यात काय काय ऐकावं लागतं, हा प्रश्न चित्रपटानंतर विचारून पाहावा.

'बुलबुल कॅन सिंग' (95 मिनिटं) मात्र जपून. मुलामुलींना एकत्र पकडून मारहाण, त्याचं चित्रण, शाळेतून काढून टाकणं आणि शेवटी एका मुलीची आत्महत्या, असा तो प्रवास आहे. नववीच्या खाली नको, समुपदेशक हजर नसेल तर नकोच, आणि शनिवारी तर मुळीच नको: रविवारभर मूल त्या दृश्यासह एकटं पडतं. टेलि-मानस (मानसिक आरोग्यासाठी) 14416 आणि चाइल्डलाइन (मुलांसाठी) 1098 हे मदतीचे क्रमांक त्या दिवशी फळ्यावर लिहून ठेवावेत.

आता सेन्सॉर बोर्डाच्या प्रमाणपत्राचा मुद्दा. 2024 च्या नव्या नियमांनी 'यूए' (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या) वर्गाचे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग केले. ही वयं पालकांना दिलेली सूचना आहे. अठराखालच्यांना दारातच अडवणारं प्रमाणपत्र 'ए' हेच. म्हणजे 'यूए 13+' चित्रपट आठवीला दाखवायला कायद्याची आडकाठी नाही, पालकांना विश्वासात घेतलं की झालं. ओटीटीवर दिसणारा वयाचा शिक्का मात्र त्या कंपनीनं स्वतः मारलेला असतो, सेन्सॉर बोर्डानं नव्हे, हे शाळांनी लक्षात ठेवावं. हा घोळ आपल्यापुरता नाही. अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलीवरच्या 'एट्थ ग्रेड'ला 'आर' मिळालं, म्हणजे सतराखालच्यांनी मोठ्या माणसाबरोबरच यायचं. वितरकांनी 8 ऑगस्ट 2018 रोजी पन्नासही राज्यांत एकेका थिएटरात वयाची अट न लावता मोफत खेळ ठेवला.

पालकांना पाठवायच्या पत्रात चित्रपटाचं नाव, प्रमाणपत्र, लांबी आणि विषय सरळ लिहावा. 'आरोग्यविषयक माहितीपट' असं गुळमुळीत लिहिलं की तक्रार ठरलेली, कारण मूल घरी जाऊन खरं ते सांगतंच. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शाळेच्या उपक्रमात चित्रपट दाखवायला सूट आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळी एवढेच असले तर. गावजेवणासारखं सगळ्यांना बोलावलं की सूट गेली. शिक्षकाच्या खासगी ओटीटी खात्यावरून दाखवणं हे त्या कंपनीच्या अटींत बसत नाही. तिथे परवानगी मागावी. स्वतंत्र दिग्दर्शक शाळांना सहसा नाही म्हणत नाहीत.

खेळ फसतो तो बहुधा आवाजामुळे. प्रोजेक्टरमधला स्पीकर पंख्याच्या घरघरीपुढे टिकत नाही, वेगळा स्पीकर लागतोच. तीस-पस्तीस मुलांसाठी 55 इंची टीव्ही परवडला. पडदे नसलेल्या खोलीत दुपारी प्रोजेक्टर म्हणजे पांढरी भिंत. पूर्ण अंधार करू नये, मागचा एक दिवा चालू ठेवावा, शिट्ट्या निम्म्यानं कमी होतात. आसामी किंवा अरबी चित्रपटाची इंग्रजी उपशीर्षकं मराठी माध्यमाच्या मुलींना वाचवत नाहीत आणि वीस मिनिटांत चुळबुळ सुरू होते. परवानगी घेऊन मराठी उपशीर्षकांची एसआरटी फाइल करता येते, साध्या नोटपॅडमध्येही. ती यूटीएफ-8 मध्ये (फाइल सेव्ह करताना 'एन्कोडिंग'चा हा पर्याय निवडून) साठवली नाही तर देवनागरीच्या जागी चौकोन किंवा भलतीच अक्षरं उमटतात. एका वेळी दोनच ओळी, ओळीत चाळिसेक अक्षरं, आणि निदान तीन सेकंद पडद्यावर. मुलं संथ वाचतात, म्हणून संवाद शब्दशः न घेता आटोपशीर करावेत.

चित्रपट दोन दिवसांत तोडू नये. बदनामीचा प्रसंग पाहून मुलं घरी गेली आणि बोलणं उद्यावर राहिलं, तर रात्रीत वर्गातल्याच एखादीला नायिकेचं नाव चिकटतं. तसंच रिमोटचं. शिक्षकांनी आधी पूर्ण चित्रपट एकट्यानं पाहावा. एखादं दृश्य दाखवता येणार नाही असं वाटलं तर दुसरा चित्रपट निवडावा. सर्वांसमोर घाईनं पुढे ढकललेलं दृश्य सगळ्यात जास्त लक्षात राहतं.

मुलग्यांना बसवायचं का, यावर शिक्षकांत मतभेद असतात. आमचं मत स्पष्ट आहे: बसवायचं. पॅडची माहिती देताना मुलग्यांना मैदानावर पाठवायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली, आणि काठीखेड्यातले 'आजार' म्हणणारे मुलगे तिच्यातूनच तयार झाले. चित्रपट एकत्र, नंतरची पंधरा-वीस मिनिटं चर्चा वेगवेगळी, मग पुन्हा एकत्र. 'काय बोध घेतलात?' हा प्रश्न विचारला की सगळे निबंधातली वाक्यं म्हणू लागतात. 'व्हिलेज रॉकस्टार्स'नंतर 'धुनूच्या आईच्या जागी तुम्ही असता तर त्या बायकांना काय म्हणाला असता?' असं विचारलं की उत्तरं येतात. 'कोणाकोणाला पाळी आली आहे, हात वर करा' हे कधीही नको.

प्रश्नांसाठी चिठ्ठ्या उत्तम, पण सगळ्यांनी लिहायच्या. विचारायचं नसेल त्यांनी 'प्रश्न नाही' असं लिहायचं. नाहीतर पेन उचलणारी लगेच नजरेत येते. कागद एकाच मापाचे, पेन एकाच शाईचे, आणि वाचन शिक्षकांनीच करायचं, कारण मुलं एकमेकांचं अक्षर ओळखतात. चिठ्ठ्यांत कधी खऱ्या अत्याचाराचा उल्लेख निघतो. अशी चिठ्ठी मोठ्यानं वाचायची नाही आणि फाडायचीही नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार ती माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून सुरुवातीलाच 'काहीही लिहा, कोणालाही सांगणार नाही' असं वचन देऊ नये. 'नाव फोडणार नाही, पण कोणी तुम्हाला इजा करत असेल तर मदत आणावी लागेल' एवढंच सांगावं.

आपल्याकडे एक विनंती. आपल्या चित्रपट परीक्षणांत तारे असतात, कलाकारांची यादी असते. प्रमाणपत्राचा नेमका वर्ग आणि लांबी नसते. प्रत्येक परीक्षणाखाली एका ओळीत 'यूए 13+, 87 मिनिटं, भाषा, उपशीर्षकं कोणती' एवढं छापता आलं, तर वर्षाचं नियोजन करणाऱ्या मुख्याध्यापकांना ते कात्रण कापून ठेवता येईल. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी हे जमलं तर जास्त उपयोगी.

आपले,
शाळांमध्ये चित्रपट दाखवणारे काही शिक्षक व समुपदेशक, पुणे