तिच्या नावावर किती जमा झाले?

माननीय संपादक,
सा. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत रील करणाऱ्या इंदूरच्या कुटुंबावर तुम्ही पानभर कौतुक छापले. जाहिराती आल्या, गाडी आली, नोकरी सोडली. पण ज्या सहा वर्षांच्या मुलीसाठी लोक त्या रील बघतात, तिच्या नावावर किती जमा झाले, हे तुमच्या प्रतिनिधीने विचारलेच नाही. याचा मला राग आला.

बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांत बालकलाकारासाठी दिवसाला पाच तासांची मर्यादा आहे, सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकायचे आहेत. निर्मात्याने आधी कलेक्टरची परवानगी घ्यायची, फॉर्म 'सी'मध्ये हमीपत्र द्यायचे, सोबत पालकांची संमती जोडायची. आता स्वयंपाकघरात आईनेच मोबाइल धरला, तर निर्माता कोण आणि संमती देणारा कोण? दोन्ही एकच. मुलीच्या बाजूने बोलायला तिसरे माणूसच उरत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचीही भिस्त पालकांच्या संमतीवरच आहे.

फ्रान्सने २०२० मध्ये हे ओळखले. तिथे अशा मुलांचे पैसे ती सज्ञान होईपर्यंत सरकारी वित्तसंस्थेत राहतात, आणि मूल आईवडिलांना न विचारता स्वतःचा व्हिडिओ काढायला लावू शकते. अमेरिकेत इलिनॉय राज्यात जुलै २०२४ पासून मुलाचा वाटा वेगळा ठेवणे बंधनकारक आहे.

पालक सांगतात, "आम्ही लोकेशन बंद ठेवतो." पत्ता चित्रातच असतो. गणवेशावरचा बिल्ला, गल्लीची पाटी, स्कूल व्हॅनचा नंबर, भिंतीवरचे घड्याळ. चार रील शेजारी ठेवल्या की मूल कधी कुठे असते ते जुळवता येते. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघत राजवाड्यावर उभे असतानाच व्हिडिओ टाकू नये, घरी पोहोचल्यावर टाकावा. अंघोळीचे, रडण्याचे, तापातले चित्रण तर कधीच नको. कोणीतरी स्क्रीन रेकॉर्ड केले की मूळ व्हिडिओ पुसूनही उपयोग नसतो.

आणि तुम्ही छापलेल्या फोटोत त्या मुलीच्या शाळेचे नाव बिल्ल्यावर स्वच्छ वाचता येते. छापलेले अंक परत घेता येणार नाहीत, पण ई-पेपरमधला फोटो आजच्या आज काढा.

एक वाचक,
सुदामा नगर, इंदूर