मलकालहून बाबांना

मलकाल, दक्षिण सुदान

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सुट्टीवर निघालेल्या एका सुभेदारसाहेबांच्या हाती हे पत्र देतोय. पुण्यात उतरले की ते पेटीत टाकतील. परवा फोनवर तुमचा प्रश्न अर्धाच राहिला. एक तर आवाज तुटत होता, त्यात मागून आई 'जेवलास का' विचारत होती. (आई, जेवलो. डाळ-भात.) तुमच्या सारसबागेतल्या मंडळींचं म्हणणं एवढंच ना, की संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत, दुसऱ्यांच्या भांडणात आपली पोरं कशाला, आणि भारताला त्यातून मिळालं काय?

आधी इथलं ऐका. पावसाळा चालू आहे. नाईलकाठची ही माती अगदी सोलापूरकडच्या काळ्या रानासारखी. पाऊस पडला की बूट चिखलात राहतो आणि मोजा वर येतो. काल गस्तीच्या गाडीबरोबर निघालो, तर दोन किलोमीटरवर गाडी रुतली. मग गुरांच्या औषधांची पेटी डोक्यावर घेऊन गावापर्यंत चालत गेलो. गाईंची शिंगं अशी, की आपला खिल्लार लाजेल. इथे लग्नात मुलीच्या घरी गाई द्याव्या लागतात, म्हणजे गाय दगावली की पोराचं लग्न लांबलं. एका म्हाताऱ्याच्या गाईला लाळ्या-खुरकूत झाला होता. तोंडातून लाळेच्या तारा, खुरांच्या बेचक्यात जखमा. पोटॅशच्या पाण्यानं धुऊन दिलं आणि दुभाष्याकरवी चारचारदा बजावलं, की हिला कळपापासून लांब बांध. आज सकाळी हा गृहस्थ तीच गाय आणि शेजाऱ्याच्या पाच गाई एकत्र हाकत आमच्या फाटकाशी हजर! कपाळावर हात मारला. रागवायचं तरी कुणावर, डॉक्टरवर विश्वास बसला म्हणूनच आला होता.

मंडळींना सांगा, आपण यात नवखे नाही. १९५३ मध्ये कोरियात मायदेशी परतायला नकार देणारे बावीस हजारांवर चिनी आणि कोरियन कैदी सांभाळायला भारताची फौज गेली, तिचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल थोरात. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला धरून ठेवलं, तेव्हा ते स्वतः आत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. आणि खडकवासल्याला भजी खायला जाताना तुम्ही मला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी दाखवायचात ना? तिथलेच कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया १९६१ च्या डिसेंबरात काँगोमध्ये शांतिसेनेत लढताना धारातीर्थी पडले. परमवीरचक्र मिळालेले प्रबोधिनीचे ते पहिले. १९५० पासून २ लाख ९० हजारांवर भारतीय अशा मोहिमांवर गेले, सुमारे १८० परत आले नाहीत. इतकी माणसं दुसऱ्या कुठल्याच देशानं गमावलेली नाहीत.

आता मिळालं काय? तुमच्या मित्रांचा मुद्दा खोटा नाही. मोहीम कुठे आणि कशासाठी हे ठरवणार सुरक्षा परिषद, तिथे नकाराधिकार पाच कायम सदस्यांना. चिखलात उभे राहणारे नेपाळ, बांगलादेश, रवांडा, पाकिस्तान आणि आपण. आपण आठ वेळा परिषदेवर बसलो, शेवटचे २०२१-२२ मध्ये, पण दोन-दोन वर्षांच्या भाडेकरूसारखे. लग्नात पंगत वाढायची आपण आणि बेत ठरवायचा दुसऱ्यांनी, असा प्रकार आहे. तरी फौजेकडे कायमच्या खुर्चीचा हप्ता म्हणून बघणं मला पटत नाही. तसा हिशेब मांडला तर केव्हाच परत बोलवायला हवं होतं.

आणि सगळं गोड नाही, हेही सांगा. २०१६ च्या फेब्रुवारीत याच मलकालच्या निर्वासित छावणीवर हल्ला झाला, पंचवीसहून अधिक माणसं मेली. निळ्या टोप्या, म्हणजे आमचे शांतिसैनिक, शेजारीच होत्या. वेळेवर हालचाल झाली नाही, असा ठपका संयुक्त राष्ट्रसंघाच्याच चौकशीत आला. त्या कुंपणाजवळून जाताना मी अजून बोलत नाही.

बाकी ठीक. आईची गुडघेदुखी कळवा. आणि एक काम: आजोबा बैलांच्या गोचिडांना करंजाचं तेल लावायचे, त्यात आणखी काय मिसळायचे ते आत्याला विचारून ठेवा. इथे औषध वेळेवर येत नाही आणि गोचीड मात्र बोरांएवढे आहेत.

तुमचा,
बाळू