पान ग्रामसभेचे, पण कर कोणी भरायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तेंदूपानावरचा (बिडीच्या पानावरचा) जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि गडचिरोलीतल्या ग्रामसभांचे दुखणे संपले, असा अनेकांचा समज झाला. दुखणे दराचे कमी आणि कर भरायचा कोणी, याचे जास्त होते. ते आहे तिथेच आहे.

वनहक्क कायदा २००६ने गौण वनोपजाची (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाची) मालकी जंगलात राहणाऱ्या आदिवासी व इतर वननिवासींना दिली. तेंदू आणि बांबू त्यात नावानिशी आहेत. २०१२च्या सुधारित नियमांनी वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेच्या समितीकडे आला. त्यामुळे ग्रामसभा स्वतः लिलाव करतात, करारनामा करतात आणि बिलही त्यांच्याच नावे फाटते. जीएसटीच्या लेखी मात्र बिल फाडणारा तो व्यापारी.

यातून सुटायची वाट कायद्यातच आहे, फक्त ती अर्धी आहे. २८ जून २०१७च्या केंद्रीय अधिसूचना ४/२०१७ प्रमाणे शेतकऱ्याने तेंदूपान नोंदणीकृत व्यापाऱ्याला विकले, तर कर खरेदीदार भरतो. पण जीएसटी कायद्याच्या कलम २(७)मधला शेतकरी म्हणजे जमीन कसणारी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब. ग्रामसभा दोन्हींत बसत नाही. (तेंदू कोणी पेरत नाही, हे मसुदा लिहिणाऱ्याच्या लक्षात आले नसावे.)

आता हिशेब. ७० पानांचे एक पुडके, १,००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी. समजा गोणीला ८,००० रुपये भाव आला, तर ५०० गोण्यांचे ४० लाख होतात. राज्यात मालविक्रीसाठी जीएसटी नोंदणीची वार्षिक मर्यादा नेमकी तेवढीच. लहान गाव तिच्या खाली राहील. पण पान विकत घेणारा ठेकेदार तेलंगणातला असेल आणि माल सिरोंच्यामार्गे तिकडे जाणार असेल, तर ती आंतरराज्य विक्री. मग त्याच कायद्याचे कलम २४ लागते आणि उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची होते. आठ-दहा गावे मिळून लिलाव करतात तेव्हा आणखी एक चूक होते. करारनामा एकाच नावाने झाला की सगळी उलाढाल एका पॅनवर चढते. लिलाव खुशाल एकत्र करावा, करारनामे आणि बिले मात्र ज्याची त्याच्या नावे.

खरा घोळ तारखांचा आहे. मेमध्ये फळीवर (पान गोळा करण्याच्या जागी) माल पडला आणि बिल फाटले, की ११ जूनपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरण) आणि २० जूनपर्यंत ३बी (कराचे विवरण) व कर. ठेकेदाराचे हप्ते मात्र पावसाळा संपला तरी येत राहतात. न मिळालेल्या पैशांवरचा कर ग्रामसभेने आधी भरायचा, नाहीतर वर्षाला १८ टक्के व्याज. पुढचे महिने विक्री शून्य असली तरी शून्याचे विवरण भरावेच लागते. चुकले तर दिवसाला २० रुपये. तिमाही पर्याय घेतला तर ही कटकट बाराऐवजी चार वेळा. भामरागडच्या आतल्या गावात ओटीपी येण्यासाठी मोबाइल घेऊन टेकडी चढणाऱ्याला चार वेळाही पुरेशा आहेत.

याचा फटका छोट्या ठेकेदारालाही बसतो. १ जानेवारी २०२२पासून विक्रेत्याने जीएसटीआर-१मध्ये बिल दाखवले नाही, तर खरेदीदाराला क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) मिळत नाही. मोठा व्यापारी ते सोसतो. लहानाचे भांडवल अडकते, म्हणून तो कराएवढी रक्कम शेवटच्या हप्त्यातून दाबून ठेवतो. त्याला सर्वस्वी दोष देता येत नाही. पण तेवढे पैसे पान तोडणाऱ्यांच्या बोनसमधूनच कमी होतात.

दुरुस्ती एका ओळीची आहे. अधिसूचना ४/२०१७मधल्या तेंदूच्या नोंदीत शेतकऱ्यासोबत ‘ग्रामसभा व वनहक्कधारक’ हे शब्द घालावेत. कर नोंदणीकृत ठेकेदार भरेल आणि क्रेडिट घेईल, तिजोरीचे काही जाणार नाही. शिवाय ज्याच्या सर्व विक्रीवरचा कर खरेदीदार भरतो, त्याला अधिसूचना ५/२०१७ने नोंदणीतून सूट आहेच. राज्याने हा प्रस्ताव जीएसटी परिषदेत खुटकटाईच्या (हंगामाआधी तेंदूची झुडपे छाटण्याच्या) आधी मांडावा. लिलाव उरकल्यावर त्याचा त्या हंगामाला उपयोग नाही.

तोवर नोंदणीकृत ग्रामसभांनी करारनाम्यात एक अट घालून घ्यावी : कराची पूर्ण रक्कम पहिल्या हप्त्यासोबत, १५ जूनच्या आत, वेगळी जमा व्हावी.

जीएसटीचे काम पाहणारा एक वाचक,
गडचिरोली