बाई, 'कुठे दिसतंय?' या प्रश्नासाठी

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र फक्त तुमच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं. पण चित्रासमोर क्षणभर थांबून, 'आपल्याला यातलं काही कळत नाही' असं म्हणत पुढे सरकणारी माणसं मला सतत भेटतात. तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्याही कामाचं आहे, म्हणून आभार चारचौघांत मानतेय.

तुम्ही मला एक प्रश्न दिलात. रसग्रहणाच्या वर्गात कुणी म्हणालं, "चित्र उदास आहे", "यात ताण आहे", "ही बाई एकटी वाटते", की तुम्ही लगेच विचारायचात, "कुठे दिसतंय?" त्यात खोच नसायची. तुम्हाला खरोखरच जागा हवी असायची, चित्रावर बोट ठेवून दाखवता येईल अशी. उदासपणा रंगात आहे की रेषेच्या उतारात? एकटेपणा चेहऱ्यावर आहे, की भोवती सोडलेल्या रिकाम्या जागेमुळे तो जाणवतोय? जागा सापडली की तुमचा दुसरा प्रश्न ठरलेला, "आणि तेवढं बदललं तर?" ती रेषा आडवी केली तर, तो रंग विझवला तर, ती आकृती मधोमध आणली तर काय उरेल? मनातल्या मनात चित्र बदलून बघायचं आणि काय हरवतं ते नोंदवायचं. रेषा, रंग, प्रकाश, जागा अशा रूपाच्या घटकांविषयी मी नंतर पुष्कळ वाचलं, पण या दोन प्रश्नांइतकं उपयोगी मला काही मिळालेलं नाही.

काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराच्या चित्रावर तुम्ही घेतलेला तास मला जवळजवळ पाठ आहे. १५९९-१६०० मध्ये रोममधल्या सान लुईजी देई फ्रांचेझी या चर्चसाठी रंगवलेलं, करवसुली करणाऱ्या मॅथ्यूला ख्रिस्त शिष्य होण्यासाठी हाक देतो तो प्रसंग. तुम्ही कथा सांगितली नाहीत आणि आम्हालाही सांगू दिली नाहीत. फक्त प्रकाशाबद्दल बोला, म्हणालात. मग हळूहळू दिसायला लागलं. प्रकाश उजवीकडून, ख्रिस्ताच्या डोक्यावरून तिरका येतो. चित्रात खिडकी आहे, चांगली मोठी आहे, पण उजेड तिच्यातून येत नाही. ज्याच्याकडून हाक येते तो ख्रिस्त स्वतः बराचसा सावलीत आहे. चेहऱ्याचा भाग आणि पुढे केलेला हात तेवढा उजळलाय. चित्राचा वरचा जवळजवळ अर्धा भाग म्हणजे नुसती भिंत, खिडकी आणि अंधार. सगळी माणसं खालच्या अर्ध्यात दाटलेली. त्यातही दोन गट: डावीकडे टेबलाभोवती पाच जण, उजवीकडे नुकतेच आलेले दोघे, आणि मध्ये अंधाराची फट. ख्रिस्ताचा हात नेमका त्या फटीवर येतो.

मग तुमचा दुसरा प्रश्न आला. हाच प्रकाश समोरून, सगळीकडे सारखा पाडला तर? कपडे तेच, चेहरे तेच, नाणी तीच. पण मग पैसे मोजत बसलेली काही माणसं आणि दारात आलेले दोन पाहुणे एवढंच चित्र उरतं. हाक नाहीशी होते. ती कुणाच्या तोंडून निघालेली नाहीच, ती प्रकाशाच्या तिरकेपणात आहे. छायाप्रकाश हा चित्र देखणं करण्याचा उपाय असतो असं मानणाऱ्या कुणालाही मी आज हेच चित्र दाखवते.

त्याच तासाला वाद झाला तो मला अधिक मोलाचा वाटतो. दाढीवाला माणूस बोट दाखवतोय ते स्वतःकडे, की टेबलाच्या टोकाला मान खाली घालून नाणी मोजणाऱ्या तरुणाकडे? मॅथ्यू नक्की कोण? अभ्यासकांतही यावर दोन पक्ष आहेत हे तुम्ही आम्हाला वाद रंगल्यावर सांगितलंत, आधी नाही. आधी दोन्ही बाजूंना पुरावे काढायला लावलेत. एका बाजूनं सांगितलं, प्रकाश दाढीवाल्याच्या चेहऱ्यावर ठळक आहे आणि त्याच्या नजरेत 'मी?' असा प्रश्न आहे. दुसऱ्या बाजूनं सांगितलं, बोटाची दिशा बघा, ती त्याच्या छातीच्या पलीकडे जाते. मध्येच कुणीतरी पाठमोऱ्या, टोपीत पीस खोचलेल्या मुलालाच मॅथ्यू ठरवलं. तुम्ही हसला नाहीत. "कुठे दिसतंय?" एवढंच विचारलंत, आणि त्याला दाखवण्यासारखं काही सापडलं नाही. अनेक अर्थ शक्य असले तरी वाटेल तो अर्थ शक्य नसतो, हे मला त्या एका तासात उमजलं. तुम्ही त्यावर भाषण दिलं नाहीत, याबद्दल वेगळे आभार.

रेषेसाठी तुम्ही नॉर्वेच्या एडवर्ड मुंकचं 'किंकाळी' हे चित्र निवडलंत, १८९३ चं. सगळे त्या चेहऱ्याबद्दल बोलतात; तुम्ही चेहरा कागदाच्या तुकड्यानं झाकलात. उरल्या त्या रेषा बघा, म्हणालात. पुलाचा कठडा सरळ, ताठ, तिरका खोलवर गेलेला. आकाश आणि पाणी मात्र वळणावळणांचं, लाटालाटांचं. मागे दोन माणसं चालताहेत, ती उभी आणि सरळ, म्हणजे कठड्याच्या बाजूची. मग तुम्ही कागद उचललात आणि विचारलंत, ही आकृती कुणाच्या बाजूची? तिचं शरीर वळलेलं आहे, आकाशासारखं. ती माणसांची रेषा सोडून निसर्गाच्या रेषेत गेली आहे. मुंकनंच लिहून ठेवलंय की निसर्गातून एक न संपणारी किंकाळी जाताना त्याला जाणवली. म्हणजे ती आकृती कान झाकून ऐकतेय, अशा वाचनाला आधार आहे. हे त्याच्या नोंदीवरून समजणं सोपं होतं. नोंद माहीत नसताना नुसत्या रेषांवरून आपण त्याच्या इतक्या जवळ पोहोचतो, याचा आनंद मला अजून पुरतोय.

त्या दिवसाच्या शेवटी तुम्ही फळ्यावर चित्रसूत्रातला, म्हणजे विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रकलेवरच्या भागातला, श्लोक लिहिलात: 'रेखां प्रशंसन्त्याचार्या वर्तनां च विचक्षणाः'. आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणकार छायांकनाची. पुढच्या ओळीत, स्त्रियांना अलंकरण आवडतं आणि इतरांना रंगांची समृद्धी. त्यातली प्रतवारी आणि स्त्रियांवरचा शेरा बाजूला ठेवायला तुम्हीच सांगितलंत. पण हजाराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याकडे चित्राचा विचार रेषा, छाया आणि रंग असा सुटा सुटा करून होत होता, आणि बघणाऱ्यांचेही प्रकार मानले जात होते. रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य, वर्णिकाभंग ही चित्राची सहा अंगंही तुम्ही तेव्हाच सांगितलीत. या विचाराला पाश्चात्त्य म्हणून बाजूला सारणाऱ्यांना मी ही षडंगं ऐकवते.

रंगाच्या बाबतीत तुम्ही कडक होतात, आणि ते फार बरं झालं. 'लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती' असा कोष घेऊन चित्रापाशी जाऊ नका, असं तुम्ही बजावायचात. व्हॅन गॉगनं १८८८ मध्ये रात्रीचा कॅफे रंगवला तेव्हा लाल भिंती आणि हिरवं छत समोरासमोर आणलं, आणि माणसातल्या भयंकर वासना लाल-हिरव्यातून दाखवायचा प्रयत्न केल्याचं भावाला कळवलं. तिथे तो लाल हिरव्याशी झगडतो म्हणून अंगावर येतो. ब्रूगेल या फ्लेमिश चित्रकाराच्या 'इकारसचं पतन' या निसर्गदृश्यातला लाल अगदी निराळा. इकारस म्हणजे ग्रीक कथेतला, मेणाच्या पंखांनी सूर्याच्या फार जवळ उडून समुद्रात पडलेला मुलगा. (ब्रसेल्समधलं हे चित्र त्याच्याच हातचं की मूळ चित्राची प्रत, यावर वाद आहे. चित्राच्या वाचनाला त्यानं बाधा येत नाही.) तिथे नांगर धरलेल्या शेतकऱ्याच्या बाह्या लाल आहेत, आणि आपली नजर पहिल्यांदा तिथेच जाते. मग नांगराच्या तासांवरून, मेंढपाळावरून, गलबतावरून ती फिरत राहते. ज्याच्या नावाचं चित्र आहे तो इकारस कुठे? उजव्या कोपऱ्यात, हिरवट पाण्यावर दोन चिमुकले पाय. बाकी तो बुडालेला आहे. शेतकरी नांगरतोय, मेंढपाळ भलतीकडेच वर बघतोय, गलबत चाललंय. त्या मुलाचा मृत्यू कुणाच्या खिजगणतीतही नाही, हे चित्रकारानं आकाराच्या लहानपणातून, कोपऱ्यातल्या जागेतून आणि नजर दुसरीकडे ओढणाऱ्या लाल रंगातून सांगितलं. चित्राचं नाव झाकून ठेवलं तर कितीतरी प्रेक्षक तो मृत्यू न बघताच पुढे जातील, आणि चित्राचं म्हणणंही तेच आहे.

एका मुद्द्यावर मी तुमच्याशी भांडले होते, आठवत असेल. चित्राखालची पाटी शेवटी वाचा, हा तुमचा नियम. मी म्हटलं, पिकासोच्या 'गेर्निका'चं काय? २६ एप्रिल १९३७ ला स्पेनमधल्या त्या बास्क गावावर झालेला बॉम्बहल्ला ठाऊक नसेल तर नुसत्या आकारांवरून काय कळणार? तुम्ही म्हणालात, आधी आकारांना प्रश्न विचारू दे, इतिहास उत्तर द्यायला येईलच. मग आम्ही पाहिलं. रंग नाहीत, काळा-पांढरा-करडा एवढंच. मधला दिव्यापाशी टोकदार होणारा मोठा त्रिकोण. आत तुटलेले, टोकेरी आकार. घोड्याच्या अंगावर ओळींनी मारलेले बारीक फटकारे. आणि बॉम्बहल्ल्याच्या या चित्रात विमान नाही, बॉम्बही नाही! का नाही, हा प्रश्न रूपातून उठला. मग पिकासो तेव्हा पॅरिसमध्ये होता, त्याला बातमी वृत्तपत्रांतून कळली, हे समजल्यावर तो करडेपणा आणि ते छापील मजकुरासारखे फटकारे निराळे दिसू लागले. मला आजही वाटतं की काही चित्रांपाशी इतिहास हातात घेऊनच जावं. पण क्रम तुमचाच पाळते, कारण त्यामुळे इतिहासाला नेमकं काय विचारायचं ते कळतं.

त्याच चित्रासाठी तुम्ही सुतळी आणलीत. सुमारे साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर रुंद. वर्गाची भिंत पुरली नाही म्हणून आपण व्हरांड्यात सुतळी ताणली आणि तिच्यासमोर उभे राहिलो. तोवर पुस्तकातलं तळहाताएवढं चित्र बघून आम्ही ताण, आक्रोश असे शब्द वापरत होतो. त्या लांबीसमोर उभं राहिल्यावर मान फिरवावी लागली; एका नजरेत ते मावेना. उलट जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध लाट जेमतेम २६ बाय ३८ सेंटिमीटरची, हातात धरून बघायची. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. आकारमान हा घटक पडदा आणि पुस्तक दोघंही पुसून टाकतात, आणि आपल्या ते लक्षातही येत नाही.

वासुदेव गायतोंडे यांच्या अमूर्त चित्रांपाशी मात्र तुम्ही फारसं बोलला नाहीत. ओळखीचं काहीच नाही, रोलर आणि पॅलेट नाइफनं चढवलेले, खरवडलेले रंगाचे थर. एकाच रंगाच्या आत किती खोली आहे, पोत कुठे दाट आहे, कुठे विरळ, कुठला डाग तरंगतो आणि कुठला बुडतो, एवढंच लिहून आणा म्हणालात. 'याचा अर्थ काय' असं विचारायची कुणाला गरजच पडली नाही.

आणि टिपणांचे आभार राहिलेच. आम्ही लिहिलेलं प्रत्येक पान तुम्ही वाचायचात. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहायचात, 'प्रभावी म्हणजे काय?', 'हा शब्द इतर कुठल्याही चित्राला चालेल', 'इथे चित्र दिसलं'. तो तिसरा शेरा मिळावा म्हणून मी परत परत लिहीत गेले. आज चित्रांवर लिहिते तेव्हा मोठी विशेषणं आपोआप गळून पडतात, ती त्या समासांमुळे.

सध्या मी नटराजाच्या चोळकालीन कांस्यमूर्तीवर लिहितेय. ज्वालांचं वर्तुळ, तिरका उचललेला पाय, दोन्ही बाजूंना उडालेल्या जटा, चार हातांच्या चार दिशा, आणि या सगळ्या गतीच्या मधोमध अजिबात न हललेला चेहरा. इतकं जमलंय. पण मला मिळालेली मूर्तीची सगळी छायाचित्रं समोरून काढलेली आहेत. मागून बघितलं की तो तोल कसा दिसतो, पाठीचा कणा कुठल्या बाजूला झुकतो, हे मला मूर्तीभोवती फिरूनच बघायचंय, आणि त्याआधी तुमच्याशी बोलायचंय. टिपण वेगळ्या टपालानं पाठवतेय. समास मोठा सोडलाय.

तुमची विद्यार्थिनी