आत्याची टोपली

नाशिक

प्रिय सखे,

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी टोपल्या का विणत बसले आहे, असं तू विचारलंस. फोनवर दोन वाक्यांत सांगून भागलं नसतं, म्हणून बैठक मारून लिहिते आहे.

पंचवटीत आमच्या उपाध्यायांकडे घराण्याची नामावळ आहे. बाबांच्या वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा ती वही उघडली. पणजोबा, खापरपणजोबा, त्यांचे भाऊ, कोण कधी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, स्नानाला आलं, सगळं होतं. आमच्या पानांवर आजीचं नाव मात्र सापडलं नाही, आईचंही नाही. आत्याचं तर कुठून असणार, ती लग्न न करता जन्मभर आमच्याच घरात राहिली. त्या दिवसापासून मनात होतं की या बायकांची नोंद कुठेतरी व्हायला हवी. ती त्यांच्या हातात जन्मभर असलेल्या वस्तूतच व्हावी, असं मला वाटलं, म्हणून एकेकीच्या नावाने एकेक टोपली विणायला घेतली.

आठवून बघ, आपल्याकडे बाईच्या आयुष्यातला कुठला प्रसंग वेळूवाचून पार पडतो? बाळाला सुपात निजवतात. कितीतरी घरांत गौरी सुपातून येतात. लग्नात झालीच्या दुरडीत कणकेचे दिवे लावून ती सासरच्या माणसांच्या डोक्यावर टेकवतात आणि लेक त्यांच्या हवाली करतात. तुझ्या झालीच्या वेळी तुझी आई कशी रडली होती! आणि रोजचं तर विचारूच नकोस: तांदूळ धुवायची रोवळी, फुलांची परडी, शेतावर भाकरी न्यायची पाटी, आजोळच्या कोठीतली शेणाने लिंपलेली कणगी.

मी शिकले ती बुधवारच्या बाजारात गंगेवर सूप-टोपल्या घेऊन बसणाऱ्या एका बुरूड मावशींकडून. त्यांच्या घरी हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पहिले कित्येक दिवस त्यांनी मला विणूच दिलं नाही. नुसत्या कामट्या काढायच्या. कोयत्याने वेळू उभा चिरायचा, मग त्या चिपेची वरची हिरवी साल आणि आतला गर वेगळा करायचा. ताकद सगळी सालीत असते. गराच्या कामटीची टोपली दिसायला बरी दिसते, पण ओझ्याला टिकत नाही. कोवळा वेळू त्या घेतच नाहीत, तीनेक वर्षांचा निबर लागतो, आणि तोही पावसाळा सरल्यावर तोडलेला. नाहीतर भुंगा पोखरतो आणि टोपलीखाली पिठूळ भुगा सांडायला लागतो. माझी बोटं चिरली की मावशी हळद लावायच्या आणि पुन्हा कोयता हातात द्यायच्या.

आता आत्याचं सांगते, कारण या सगळ्यात मला तिचीच टोपली सर्वांत जवळची आहे. तळ विणून झाला की कामट्या उभ्या वळवायच्या आणि एक लांब पाती त्यांच्यातून फिरवायची, एकीच्या पुढून, एकीच्या मागून. उभ्या कामट्या सम असल्या तर दुसऱ्या फेरीतही पाती त्याच कामट्यांच्या पुढून आणि त्याच कामट्यांच्या मागून जाते. वीण एकमेकीत अडकत नाही, सगळं सैल राहतं. म्हणून तिथे एक कामटी जास्तीची घालतात. ती आली की प्रत्येक फेरीत पुढची मागे जाते, मागची पुढे येते आणि टोपली घट्ट धरते. मावशींनी हे दाखवलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आत्या उभी राहिली. जोडीजोडीच्या त्या घरात एकटी होती ती. आजीचं आजारपण, आमच्या शाळा, वहिनींची बाळंतपणं, भावाभावांतले अबोले, सगळ्यांच्या मधून तीच फिरत होती. लोक तिला 'बिचारी' म्हणायचे. तिच्या टोपलीत ती जास्तीची कामटी मी मंजिष्ठाच्या तांबड्या रंगात रंगवली आहे. कुठूनही बघ, नजर आधी तिच्यावर जाते.

आजीची टोपली वेळूची नाहीच. तिचं जुनं नऊवारी मी पीळ देऊन दोरासारखं केलं आणि वेटोळं घालत, सुताने टाके मारत ते वर चढवत नेलं. नऊ वार लुगड्यातून एकच वाटी झाली. गोधडी शिवणाऱ्या आपल्या बायकांना हा टाका परका वाटणार नाही. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनामध्ये मेरी जॅक्सन नावाच्या कलावती आहेत. त्या सुवासिक गवताच्या जुड्या ताडाच्या पानाच्या पट्ट्यांनी शिवून अशीच वेटोळ्यांची टोपली करतात. ही विद्या आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर तिकडे गेली. भाताच्या शेतीत पाखडायला तशाच रुंद टोपल्या लागत. मेरीबाई हे आई आणि आजीकडून शिकल्या आणि २००८ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आजीच्या हातचं काम नातीने तिथवर नेलं, याचं मला फार अप्रूप आहे.

आईच्या टोपलीचं धैर्य मला शान गोशोर्न यांचं काम बघून आलं. त्या अमेरिकेतल्या चेरोकी या मूळनिवासी जमातीतल्या होत्या, २०१८ साली गेल्या. त्यांनी जुन्या करारांचे आणि सरकारी कागदांचे मजकूर, घरापासून तोडून निवासी शाळांत नेलेल्या मुलांची छायाचित्रं कागदावर छापली, त्या कागदांच्या पट्ट्या कापल्या आणि चेरोकी पद्धतीच्या टोपल्या विणल्या. माझ्याकडे करार नाहीत, आईची हिशेबाची वही आहे. 'दूध, रॉकेल, धाकटीची फी, भिशी.' त्या पानांच्या झेरॉक्स काढून मी पट्ट्या केल्या आणि वेळूबरोबर विणल्या. मूळ वहीला कात्री लावायची माझी छाती झाली नाही. विणीत आईचं अक्षर मध्येच दिसतं, मध्येच कामटीखाली जातं. 'फी' हा शब्द चार ठिकाणी वर आला आहे, तो मी मुद्दाम तसा आणला.

काहीजण म्हणतात, कला म्हटली की वस्तूचा उपयोग सुटायला हवा. नव्या टोपलीकलेत तशी कामं पुष्कळ होतात आणि त्यातली काही मला मनापासून आवडतात. वर्तमानपत्र आणि प्लास्टिक वापरून विणणाऱ्या एड रॉसबाक या अमेरिकन कलावंताची कामं त्यांतलीच. माझा हट्ट मात्र वेगळा आहे. वेळूची प्रत्येक टोपली पुरी झाली की मी तिच्यात ज्वारी भरून उचलते. आमच्या बायकांनी ओझं उचललं, त्यांच्या नावाची टोपली रिकामी शोभेची निघाली तर ते मला खोटं वाटेल.

शिकण्या-शिकवण्यावरून एक सांगते. कॅलिफोर्नियातल्या पोमो या मूळनिवासी लोकांत बाई गेली की तिच्या टोपल्या तिच्याबरोबर पुरत. त्यांच्यातल्याच टोपल्या विणणाऱ्या एल्सी ॲलन यांच्या आईने लेकीला सांगून ठेवलं की माझ्या टोपल्या पुरू नकोस, त्या लोकांना दाखव, त्यांच्यावरून शिकव. एल्सीबाईंनी पुढे घराबाहेरच्या मुलींनाही शिकवलं आणि त्यासाठी आपल्याच माणसांचा रोष पत्करला. बुरूड मावशींनी मला शिकवलं ते याच मोलाचं आहे, असं मी मानते. त्यांच्या सुपाची किंमत बाजारात घासाघीस करून पाडतात आणि माझ्या टोपलीला मात्र काचेच्या कपाटात जागा मिळते. म्हणून माझ्या प्रत्येक टोपलीच्या तळाला दोन नावं असतात, माझं आणि त्यांचं, आणि विकली गेलेल्या टोपलीचे पैसे निम्मे त्यांचे. स्वतःचं नाव तळाला पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांनी ते बोटाने दोनदा चाचपलं आणि म्हणाल्या, "कडा अजून घट्ट पाहिजे होती."

आता कामाचं. तुझ्या लेकीच्या लग्नाची झाल मी विणणार, हे मी ठरवून टाकलंय, तू नाही म्हणू नकोस. वेळू मावशी निवडून देणार आहेत. त्यात मला तुझ्या आईच्या इरकलीचा काठ हवा आहे, आणि तुझ्या सासूबाईंच्या एखाद्या लुगड्याचाही. फाटका असला तरी चालेल, इस्त्री करू नकोस. पट्टी दोन बोटं रुंद ठेव, तीही काठाकाठाने फाडून, कात्रीने नको. आणि दोघींची माहेरची नावं एका कागदावर लिहून पाठव. तारखेच्या निदान दीड महिना आधी सगळं माझ्या हातात पडायला हवं.

तुझी,
नाशिकची सखी